कूलरवालं कार्ड

कॉम्प्युटरला ताप येतो, हे मला अमरावतीच्या उन्हाळ्याने शिकवलं.

साधासुधा ताप नाही. माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचा. नवरी लाजली की तिच्याभोवती गुलाबाच्या पाकळ्या गरगरतात, पाकळ्यांमधून एक बदाम निघतो आणि बदामातून नवरदेव निघतो (घामाने डबडबलेला, पण निघतो!), ही सगळी कलाकुसर माझी. त्या मे महिन्यात नवरदेव बदामातून कंबरेपर्यंत बाहेर आला, की कॉम्प्युटर घरघरायचा, पडदा निळा पडायचा आणि नवरदेव तिथेच लटकायचा. पुन्हा चालू करा, पुन्हा पाकळ्या, पुन्हा बदाम, पुन्हा कंबर. लग्नाला इतका घाबरलेला नवरदेव मी आयुष्यात पाहिला नव्हता.

शेवटी मी डबा उघडला. कॉम्प्युटरमध्ये चित्रं हलवायचं काम करणारी एक वेगळी पाटी असते, तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. तिला गार ठेवायला तिच्यावर एक चिमुकला पंखा असतो. माझ्या दुकानाच्या, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीच्या, भिंतीला लागून गादी कारखाना. त्या पंख्यात कापूस असा ठासून बसला होता की त्यातून लहान बाळाची उशी सहज भरली असती! त्या साली सगळ्या वऱ्हाडात शेतात कापूस नव्हता. तो सगळा माझ्या कार्डात येऊन बसला होता.

पंखा जळाला होता आणि कार्डही शेवटचे आचके देत होतं. वेळ तर अशी की विचारू नका. ओळीने दुष्काळाची वर्षं. लोक लग्नं पुढे ढकलत होते, आणि ज्यांची होत होती ते पहिली काट व्हिडिओवाल्यावर मारत होते. ("मोबाइलमंदी काढते ना माहा भाचा!") अशात मला एक काम मिळालं होतं. हिवरखेडला गावाने मिळून एकाच मांडवात गावातल्या सगळ्या मुलींची लग्नं लावली होती. शूटिंग मीच केलं होतं आणि येत्या रविवारी शाळेच्या मैदानावर पडदा लावून साऱ्या गावाला तो पिक्चर दाखवायचा होता. लग्नाच्या समितीचे अध्यक्ष चंपतराव. फोनवर कधी आवाज चढवणार नाहीत, पण त्या दिवशी एवढंच म्हणाले, "भाऊ, एकेका पोरीची येगळी वरात नाही काढू शकलो आमी. पिक्चरमंदी तरी साऱ्या पोरी चांगल्या दिसल्या पायजेत. बाकी तुमी जाना."

यानंतर माणसाला झोप लागेल का? मला लागली नाही. मी अभ्यासाला बसलो.

जुन्या कॉम्प्युटरवर, त्याला ताप येणार नाही अशा बेताने, मी ग्राफिक्स कार्डांविषयी जे जे सापडेल ते वाचून काढलं. थोड्याच दिवसांत मी विद्वान झालो. विद्वत्तेचं एक असतं, ती घरात मावत नाही. बायको पोळ्या लाटत होती, तिला मी ओट्याशी उभा राहून समजावू लागलो.

"हे बघ सुनंदा, कार्डाचा मेंदू सगळ्यांचा सारखाच. पण मूळ कंपनी वर जो पंखा बसवते ना, तो असतो फाटका. आवाज फार, हवा कमी. म्हणून दुसरे कारखानदार तोच मेंदू घेतात आणि त्यावर स्वतःचा दणकट कूलर बसवतात. तांब्याच्या नळ्या, जाडजूड पत्र्याच्या पाकळ्या, दोन-दोन पंखे! तेव्हा कार्ड बघायचं नसतं, त्याचा कूलर बघायचा असतो. समजलं?"

"समजलं," सुनंदा म्हणाली. "तुमाले कूलर पायजे."

मी खूश होऊन निघून गेलो. त्याच वाक्याचा शेवट कुठे होणार आहे, याची मला कल्पना असती तर मी पोळपाटासमोर साष्टांग दंडवत घातला असता. कारण त्याच दुपारी सुनंदाने माहेरी फोन केला आणि सहज सांगितलं, "बाबा, हे उद्या अकोल्याले येऊन राह्यले. एका दुकानातून कूलर घ्याचा म्हणतेत."

आता माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, काय करतात हे सांगायला हवं. मामाजी अकोल्यात कूलर बनवतात! पत्र्याचे, माणसाच्या छातीइतके उंच, आत गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी, मागे पंप. सगळी हयात त्यांनी अकोल्याच्या उन्हाशी भांडण्यात घालवली. आणि त्या वर्षी गावाकडच्या गिऱ्हाइकांनी कूलर सोडून निंबाखालची बाज धरली होती, त्यामुळे त्यांच्या शेडमध्ये कूलरांची रांग लागली होती. अशा माणसाचा सख्खा जावई, अकोल्यात येऊन, दुसऱ्याच्या दुकानातून कूलर घेणार!

मी बसमधून उतरलो तर मामाजी स्टँडवर उभे. हातात पिशवी नाही, तोंडावर हसू नाही.

"या जवाईबापू," ते म्हणाले. "आमच्या कूलरात काय खोट निंगाली, थे सांगा आंधी."

मला घाम फुटला. (तो आधीच फुटलेला होता, आता त्यात भर पडली.) मी रस्ताभर समजावलं, मामाजी, तो कूलर नव्हे, हा कूलर कॉम्प्युटरच्या आत असतो, तळहाताएवढा असतो, त्यात पाणी नसतं.

"पाणी नसते?" मामाजी रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून एक ऑटोवाला शिव्या देत बाजूने गेला. "बिनपान्याचा कूलर? मंग त्याले पंखा म्हना ना! लोकायले फसवून राह्यले बाप्पा हे. चला, मी येतो संगं. कूलर पाहाचा अन् मी घरी बसाचं, हे नाही होनार."

अशा रीतीने मामाजी माझ्यासोबत शकीलभाईंच्या दुकानात आले.

शकीलभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान अरुंद आहे, पण माणूस ऐसपैस. मी नेहमी त्यांच्याकडूनच माल घेतो. त्यांनी तीन खोकी काउंटरवर मांडली. पहिल्यात मूळ कंपनीचा एकपंखी कूलर. दुसऱ्यात दोन पंखे. तिसऱ्यात एवढं लांबलचक धूड की ते ठेवायला शकीलभाईंना चहाचे ग्लास उचलावे लागले. तीन पंखे, तांब्याच्या नळ्या बाजूने बाहेर आलेल्या, वर काळा चकचकीत पत्रा. मी आंबा हुंगावा तसा त्याच्यावर वाकलो.

मामाजींनी चष्मा लावला, कार्ड हातात घेतलं आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं.

"पत्रा पातळ हाय."

"चाचा, ये पत्रा तो सिर्फ दिखावे का है," शकीलभाई म्हणाले.

"आमच्या कूलरात दिखावा नसते," मामाजी म्हणाले. मग एक डोळा मिटून त्यांनी पंख्याची पाती पाहिली, फुंकर मारली, पातं फिरलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नाइलाजाने समाधान उमटलं. "पात्याचा बाक मात्र बरोबर देल्ला. जवाईबापू, हेच घ्या. तीन पंखे म्हनल्यावर हवेले तोड नाही."

मलाही तेच हवं होतं, पण सासऱ्यांच्या सल्ल्याने घेतल्याचं पुण्य आपसूक पदरात पडत होतं. मी मान डोलावली. शकीलभाई खोकं बांधता बांधता म्हणाले, "भाऊ, एक बात ध्यान में रखना. इसका पंखा जो है ना, वो..."

"शकीलभाई!" मी हात वर केला. "मी सगळं वाचून आलोय."

"अन् पंख्याचं आमाले काय सांगता?" मामाजी म्हणाले.

शकीलभाईंनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, सुतळीची गाठ मारली आणि म्हणाले, "ठीक है. आप तो दोनों जानकार हो."

आम्ही दोघेही या वाक्याने सुखावलो!

मामाजी तेवढ्यावर थांबले नाहीत. बिनपाण्याचा कूलर बसतो कसा, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यांनी आपला टेम्पो काढला, त्यात शेडमधला एक न खपलेला कूलर चढवला ("पोरीच्या घरी रिकाम्या हातानं येऊ का?") आणि आम्ही अमरावतीला निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत मी कार्डाचं खोकं मांडीवर धरून बसलो होतो. खाली ठेवलं तर धक्का बसेल म्हणून. मूर्तिजापूरला टेम्पोने खड्डा घेतला, माझं डोकं टपाला आपटलं, पण खोकं हललं नाही.

घरी पोचल्यावर डबा उघडला, कार्ड आत घालायला गेलो आणि पहिला धक्का बसला. कार्ड डब्यापेक्षा लांब! म्हणजे मी मेंदूविषयी वाचलं, कूलरविषयी वाचलं, पंख्याच्या पात्यांचा व्यास वाचला, पण आपल्या घरातल्या डब्याची लांबी काही मी कुठे वाचली नव्हती, कारण ती इंटरनेटवर नव्हती.

"आता?" सुनंदाने विचारलं.

"आता काय? पत्राच हाय ना?" मामाजींनी टेम्पोतून पत्रा कापायची कातर आणली. मी 'अहो मामाजी, अहो मामाजी' करत राहिलो आणि त्यांनी डब्याला समोरून अशी सुबक खिडकी पाडली की कार्डाचं टोक तिच्यातून बाहेर डोकावू लागलं. रेल्वेच्या डब्यातून एखाद्याने कोपर काढून बसावं तसं! धार लागू नये म्हणून त्यांनी कडाही दुमडून दिल्या. बाजूचा पत्रा तर त्यांनी लावूच दिला नाही. "हवा खाऊ द्या त्याले."

मी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

तिन्ही पंखे भिर्रर्र करून फिरले! मामाजींनी टाळी वाजवली. सुनंदाने कौतुकाने पाहिलं. आणि आमच्या डोळ्यांदेखत ते पंखे हळू झाले, आणखी हळू झाले, आणि थांबले.

शेजारी गादी कारखान्यात पिंजण्याचा आवाज तेवढा येत होता.

"थांबले," मी म्हणालो.

"थांबले," मामाजी म्हणाले.

मी बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा भिर्रर्र, पुन्हा गप्प. माझे हातपाय गार पडले. (अमरावतीच्या मे महिन्यात हे साधणं सोपं नाही.) वर्षाची एकुलती एक सुपारी, रविवार तोंडावर, चंपतरावांच्या साऱ्या पोरी डब्यात अडकलेल्या, आणि आणलेल्या नव्या कोऱ्या कार्डाचे तिन्हीच्या तिन्ही पंखे मेलेले!

मामाजी मात्र शांत होते. पंखा बंद पडला, या एका विषयात त्यांना साऱ्या जगात कोणी हरवू शकत नाही. त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि निदान सांगितलं, "कंडेन्सर गेला."

"तिन्हीचा?"

"एकाचा गेला की बाकीचे हाय खातेत."

यावर उपचारही ठरलेला. सुनंदाने खराट्याची काडी आणून दिली, आणि मामाजींनी घरच्या छताच्या पंख्याला देतात तसा त्या पात्याला हलकेच टोला दिला. पातं गर्रकन फिरलं आणि थांबलं. मग मी टोला दिला. मग दोघांनी दोन पंख्यांना एकदम टोले दिले. जरा वेळाने एखाद्याने खिडकीतून पाहिलं असतं, तर सासरा-जावई मिळून एका लोखंडी डब्याला गुदगुल्या करताहेत असंच वाटलं असतं.

"तेल पायजे," मामाजी म्हणाले. शिलाई मशीनचं तेल आलं. मी कॉम्प्युटर बंद करायचं भान ठेवलं, एवढं शहाणपण माझ्या नावावर जमा करा. तिन्ही पंख्यांच्या मध्ये एकेक थेंब सोडला. पुन्हा चालू केलं. भिर्रर्र. गप्प. आता तर फिरताना आधीपेक्षा लवकर थांबल्यासारखे वाटले!

"पन पिक्चर तं दिसून राह्यला," सुनंदा पडद्याकडे बघत म्हणाली. "नवरदेव पन सारा बाहेर निंगाला."

"सुनंदा, तू यात बोलू नकोस," मी म्हणालो. "हा तांत्रिक विषय आहे."

मामाजी म्हणाले, "बरोबर हाय. पोरी, तू च्या ठेव."

पंखा फिरत नाही म्हणजे कार्ड तापणार, तापलं म्हणजे जळणार. तेव्हा पंखा चालू होईपर्यंत मिक्सिंगला हात लावायचा नाही, असं मी जाहीर केलं. यावर मामाजींची छाती फुगली. त्यांच्या मते हा क्षण बिनपाण्याच्या कूलरने पाण्याच्या कूलरपुढे हात टेकण्याचा होता. त्यांनी टेम्पोतला तो छातीइतका उंच कूलर आत आणला, कॉम्प्युटरच्या उघड्या कुशीसमोर रोवला, सुनंदाकडून बादल्या ओतून घेतल्या आणि सुरू केला.

काय वारा हो! टेबलावरची लग्नपत्रिकांची थप्पी उडाली, भिंतीवरचं कॅलेंडर उताणं झालं, ओल्या गवताचा वास घरभर पसरला. आणि कार्डाचे पंखे?

आता तर ते सुरुवातीचं भिर्रर्रसुद्धा धड करेनात.

"हवा कमी पडून राह्यली," मामाजी म्हणाले, आणि त्यांनी कूलर आणखी जवळ सरकवला. आम्ही जितकं गार करत होतो, तितके पंखे हट्टाने थांबून होते. ते जितके थांबत होते, तितका आम्ही कूलर वाढवत होतो. मामाजींनी टाकीत बर्फाचा गोळा सोडला. मी गवतावर मग भरभरून पाणी मारू लागलो. फरशीवर तळं साचलं. आणि नेमका तेव्हाच चंपतरावांचा फोन आला.

"भाऊ, झालं का?"

"होऊन राह्यलं, चंपतराव!" मी ओल्या पायांनी तळ्यात उभा राहून, एका हाताने फोन कानाला धरून ओरडलो. तोल सावरायला दुसरा हात कूलरच्या पत्र्याला लावला, आणि...

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं कळलं की माझ्या दंडातून एक रेडा धावत गेला. माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो चंपतरावांनी ऐकला, गादी कारखान्याने ऐकला, आणि पिंजण थांबलं. सुनंदा लाटणं घेऊन धावली आणि तिने माझ्या मनगटावर असा रट्टा हाणला की विजेपेक्षा तोच जास्त लागला! मी जाऊन गादी कारखान्याच्या भिंतीशी बसलो. मामाजींनी पिन ओढून काढली.

"शॉक बसला!" मी थरथरत म्हणालो. "मामाजी, तुमच्या कूलरने शॉक दिला!"

"थोडासा झटका देते," मामाजी जराही न बिचकता म्हणाले. "चांगला कूलर थोडासा झटका देतेच. जित्ता हाय म्हनून देते."

फोन जमिनीवर पडला होता. त्यातून चंपतरावांचा काळजीचा आवाज येत होता, "भाऊ? भाऊ? नसन होत तं राहू द्या भाऊ, पन शिव्या नका देऊ."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. या सगळ्याला जबाबदार कोण? शकीलभाई! खराब माल गळ्यात मारला! मी डबा उचलला, तसाच, कार्डाचं कोपर बाहेर काढलेला. दुसऱ्या दिवशी भर उन्हात टेम्पो पुन्हा अकोल्याच्या वाटेला लागला. सुनंदा म्हणाली, "आंधी फोन तं करून पाहा त्याहिले." मी म्हणालो, फोनवर असली माणसं सापडत नाहीत, समोरासमोरच धरावी लागतात!

दुकानात गिऱ्हाइकं होती. मी मुद्दाम ती जमू दिली होती. डबा काउंटरवर आदळला आणि भाषण ठोकलं. आमची वर्षानुवर्षांची ओळख, हिवरखेडच्या पोरी, आणि तुम्ही मेलेल्या पंख्यांचं कार्ड देता! मामाजी माझ्यामागे हाताची घडी घालून उभे होते आणि प्रत्येक वाक्यानंतर "बरोबर हाय" म्हणत होते. गिऱ्हाइकं शकीलभाईंकडे वाईट नजरेने पाहू लागली. एकाने आपल्या हातातलं खोकं परत काउंटरवर ठेवलं.

शकीलभाईंनी डबा आपल्याकडे वळवला. त्यांनी डब्याला पाडलेली खिडकी पाहिली. आत बोट फिरवलं, बोटाला लागलेलं तेल पाहिलं, नाकाशी नेलं. मग गवताची एक ओली काडी चिमटीत धरून बाहेर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

त्यांनी वायरी जोडल्या आणि मोटारी धावण्याचा, धूर-धडाक्याचा एक गेम लावला. "बैठो भाऊ. पंखे की तरफ देखते रहना."

आम्ही पाहत राहिलो. पडद्यावर मोटारी धावत होत्या, पंखे ढिम्म. मी विजयाने मान हलवली. मामाजींनी "बरोबर हाय" म्हटलं. मोटारी धावतच राहिल्या. आणि मग, कोणी टोला दिला नाही, तेल सोडलं नाही, बर्फ घातला नाही, तरी पहिलं पातं थरथरलं. मग दुसरं. मग तिन्ही पंखे आवाजसुद्धा न करता झकास फिरू लागले.

"वही बोल रहा था कल," शकीलभाई शांतपणे म्हणाले. "ये पंखा गरम होगा तब चलेगा. ठंडा है तो बंद रहेगा. कूलर इतना अच्छा है भाऊ, के उसको पंखे की जरूरतच नाही पडत. तुमी त्याले जितकं थंडं करसान, थो तितका झोपन."

त्यांनी गेम बंद केला. थोड्या वेळाने पंखे हळू झाले आणि थांबले. दुकानात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ज्या गिऱ्हाइकाने खोकं खाली ठेवलं होतं, त्याने ते हळूच उचलून छातीशी धरलं.

मामाजी स्टुलावर बसले. आयुष्यभर कूलर बनवलेला माणूस तो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हनजे, गरम झालं हे याले समजते?"

"समजते चाचा."

"अन् थंडं झालं हेही समजते?"

"दोनी समजते."

मामाजींनी कार्डाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "एवढीशी पाटी," ते स्वतःशीच पुटपुटले. "तिले समजते."

वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्यांनी गिळला. मोठा माणूस!

मी शकीलभाईंची माफी मागितली. त्यांनी चहा मागवला, पंख्यांतलं तेल कापसाने टिपून दिलं आणि आणखी एक शब्दही बोलले नाहीत. तो न बोललेला शब्द मला आजही कधीकधी ऐकू येतो.

घरी येऊन मिक्सिंगला बसलो. सगळे नवरदेव बदामातून पायाच्या अंगठ्यापर्यंत बाहेर आले. रविवारी मामाजींच्या टेम्पोतून आम्ही हिवरखेड गाठलं आणि शाळेच्या मैदानावर पडदा लागला. बाया मुलाबाळांना घेऊन सतरंजीवर बसल्या होत्या, म्हातारी माणसं मागे बाजेवर. एकेक मुलगी पडद्यावर आली की तिच्या गल्लीतून शिट्टी वाजायची, मग दुसऱ्या गल्लीतून. एक आजी तर नातीला पडद्यावर पाहून उठून पुढे गेली आणि तिने पडद्यावरच हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. चंपतराव माझ्याशेजारी उभे होते. पिक्चर संपला. मग म्हणाले, "साऱ्या दिसल्या भाऊ. एकही नाही सुटली." आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसून झटकन स्टेजकडे गेले.

मला वाटलं, आता माझा सत्कार. मी शर्टाची कॉलर नीट केली. चंपतरावांनी माईक घेतला आणि जाहीर केलं की या पिक्चरसाठी अकोल्याहून खास मशीन निवडून देणारे, तज्ज्ञ... आणि मामाजींचं नाव घेतलं! मामाजी कधी स्टेजजवळ जाऊन पोचले आणि चंपतरावांच्या कानात काय सांगून बसले, मला ठाऊक नाही. शाल त्यांना, नारळ त्यांना. माझ्या हातात प्रोजेक्टरची वायर होती, ती धरून मी टाळ्या कशा वाजवणार?

मामाजींनी माईक सोडला नाही. म्हणाले, "लोकहो, जे चीज गरम झाली की चालू होते अन् थंडी झाली की आपोआप बंद पडते, तिले म्हनते कूलर! असा समजदार कूलर आता आमी अकोल्यात बनवून राह्यलो. अन् याचं सारं डोकं आमच्या जवाईबापूचं हाय!"

साऱ्या हिवरखेडने वळून माझ्याकडे पाहिलं. मी वायर धरून हसलो.

मामाजी बोलले ते करून बसले. कुठल्यातरी जुन्या इस्त्रीतला आपोआप बंद-चालू होणारा भाग काढून त्यांनी तो कूलरात बसवला. फक्त इस्त्री तापली की बंद पडते, ही बारीकशी गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. त्यामुळे तो कूलर सकाळी गारव्यात छान चालायचा आणि ऊन चढलं की नेमका थांबायचा! कूलरच्या पत्र्यावर पेंटरकडून मोठ्या अक्षरांत 'समजदार' लिहून घेतलं होतं, आणि त्याखाली, काही तक्रार असल्यास म्हणून, माझा मोबाइल नंबर.

पहिला फोन भर दुपारी आला. पलीकडून एक काका धापा टाकत होते.

"समजदार कूलरवाले जवाई तुमीच का? पंखा थांबला ना हो तुमचा!"

मी अनुभवी माणूस. घाबरलो नाही. शांत, धीराच्या आवाजात सांगितलं, "काका, काळजी करू नका. पंखा थांबला म्हणजे घर थंड झालं असेल."

"बाप्पा," काका म्हणाले, "तुमच्या कूलरच्या टपावर माह्या बुढीनं पापड वायू घातले होते. थे तळून निंगाले. या खाले!"

मी फोन सुनंदाच्या हातात दिला. तांत्रिक विषय हल्ली तीच पाहते.